घंटीच्या दोरीचा मान

कोल्हापूरच्या सिटी बसमधले कंडक्टर घोसरवाडे मोठे मानी. घंटीच्या दोरीला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. एकदा बाळंतीण लेकीसाठी गरम शिऱ्याचा डबा घेऊन निघालेल्या शेवंताबाईंनी दवाखाना दिसताच दोरीला हात घातला.

“खबरदार आज्जी! दोरी फक्त मी ओढणार. आता पुढच्या थांब्यावर उतरा,” घोसरवाडे गरजले.

शेवंताबाई मऊ आवाजात म्हणाल्या, “बरं बाबा. पर एवढ्याशा दोरीनं एवढी मोठी गाडी थांबती व्हय? मला न्हाई पटत.”

“न्हाई पटत? मग बघाच!” घोसरवाड्यांनी ऐटीत दोरी ओढली. टण्ण! गाडी दवाखान्यासमोरच थांबली.

शेवंताबाई सावकाश उतरल्या आणि म्हणाल्या, “पटलं रं बाबा. आता सुटती कशी, त्येबी दाखीव!”