सोयर की सुतक?

फार मागे, तळ्यांना अजून नावंही पडली नव्हती तेव्हा, एका डबक्यात शेवाळमावशी राहायची. रीतीभातीला फार कडक! तिच्या शेजारचा अमीबा लिबलिब्या खाऊन खाऊन इतका फुगला, की कडेने शिरलेला घास मध्यापर्यंत पोचेचना. अंग भरलेलं आणि मधोमध उपासमार.

"दोन हो, नाहीतर मरशील," मावशी म्हणाली.

"पण मावशी, त्यातला मी कुठला? डावीकडचा की उजवीकडचा?"

"मला काय विचारतोस, मेल्या! आधी जग तरी!"

लिबलिब्याने पोटातल्या गाभ्याची जोडी केली, एकेक गाभा दोन टोकांना सरकवला आणि कमरेत आवळत आवळत तो दुभंगला. आता घास दोघांच्याही मध्यापर्यंत पोचू लागला.

मावशी मात्र चक्रावली. लिबलिब्या गेला म्हणून सुतक धरावं, तर प्रेत कुठाय? बाळ झालं म्हणून सोयर धरावं, तर आई कुठाय?

"थोरला कोण रे तुमच्यात?" ती ओरडली. "धाकट्या, पाया पड बघू!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा आपणच असणार, असं वाटून दोघंही एकदम वाकले, आणि आशीर्वाद द्यायला कोणी उरलंच नाही.