डागाभोवतीचे पोलाद

जपानमधल्या एका लहानशा गावात एकदा एक वृद्ध कारागीर राहत असत. तलवारीच्या पात्यांना झळाळी देण्यात त्यांचा हातखंडा होता. त्यांच्याजवळ एक शिष्य शिकत होता. हात कुशल, बुद्धी तल्लख, आणि स्वभाव असा की एवढीशी गोष्टही मनाला लावून घ्यायची व तिचा निकाल लागेपर्यंत स्वस्थ बसायचे नाही. अशी माणसे मोठी गोड असतात. फक्त त्यांच्याबरोबर एका घरात राहावे लागू नये. त्याच्या पत्नीला राहावे लागत होते.

आदल्या दिवशी ती पाहुण्यांदेखत हसत हसत बोलून गेली होती, "आमचे हे तलवार तासन्‌तास पुसत बसतील, पण घरातलं भांडं काही इकडचं तिकडे करायचे नाहीत." पाहुणे हसले. शिष्याला मात्र ते फार झोंबले. सकाळी गुरूंकडे येताच तो म्हणाला, "आज घरी जाऊन एकदाचा सोक्षमोक्ष लावतो. पुन्हा असं बोलणार नाही, असं तिच्याकडून वदवूनच घेतो."

"मागे एकदा असंच वदवून घेतलंस, तेव्हा ती माहेरी निघून गेली होती ना?"

"गेली होती. पुन्हा गेले तर परत येणार नाही, असंही म्हणाली आहे. पण म्हणून काय मी मुकाट्यानं ऐकून घ्यायचं, गुरुजी?"

तेवढ्यात एक व्यापारी आपल्या वडिलांची तलवार घेऊन आला. तिच्या पात्यावर मोहरीएवढे दोन-तीन तांबूस ठिपके उठले होते. "माझ्या हातून हयगय झाली," तो कळवळून म्हणाला. "एवढे डाग घालवून द्या."

शिष्याने लगबगीने घासायचे दगड मांडले आणि त्यांच्यासाठी पाणी भरून आणले. गुरूंनी ते पाणी शांतपणे अंगणात ओतून दिले. मग मऊ कागदाने पाते पुसले, ठिपक्यांवर लवंगेच्या वासाचे तेल लावून ते हलकेच टिपून घेतले, आणि पात्यावरून तेलाचा एक पातळ हात फिरवून तलवार म्यान केली.

"अधूनमधून असंच तेल लावत जा," ते व्यापाऱ्याला म्हणाले. "डाग वाढतोय असं वाटलं, तर लगेच घेऊन या."

"पण डाग तर अजून दिसतोच आहे!"

"दिसू दे की."

व्यापारी गोंधळला, पण नमस्कार करून गेला. शिष्याला मात्र राहवेना. "गुरुजी, आपल्या दारातून गंजाचे ठिपके तसेच घेऊन तलवार परत गेली. लोक काय म्हणतील?"

गुरूंनी कोपऱ्यातले एक जुने पाते त्याच्या हातात दिले. दिसायला ते आरशासारखे स्वच्छ होते.

"किती हलकं आहे हे!" शिष्य दचकून म्हणाला.

"त्याचा मालक तुझ्यासारखाच होता. ठिपका दिसला की घासून घ्यायचा. अरे बाळा, डाग काही काट्यासारखा उपटून काढता येत नाही. तो जेवढा खोल असतो, तेवढं त्याच्या भोवतीचं सगळं चांगलं पोलाद घासून खाली आणावं लागतं. डाग जातो, पण त्याच्यापायी पातंही झिजतं. आज याच्यावर एकही डाग नाही, आणि पोटातलं मऊ लोखंड उघडं पडलंय. आता याला दगड लावायची माझी छाती होत नाही." त्यांनी शिष्याच्या पाठीवर हात ठेवला. "गंज आत आत जात असेल, तर दगड हवाच. मी नाही म्हणत नाही. पण तिचं कालचं वाक्य कितीसं खोल होतं, ते तुझं तू बघ. आज जरा लवकर जा घरी. तुझ्यावर माझा जीव आहे, तसा त्या पोरीवरही आहे."

शिष्य निघाला खरा, पण तिला ऐकवायला सकाळपासून जुळवून ठेवलेली वाक्ये वाटेतही मनातून जाईनात. एकेक वाक्य बिनतोड होते, आणि पंचाईत तीच होती. आपण बरोबर असतो, तेव्हाच आपला हात सर्वांत जड पडतो.

पत्नी दाराशी बसली होती. सकाळी त्याचा चेहरा पाहूनच तिला संध्याकाळचा अंदाज आला होता. तिच्याजवळ कपड्यांचे गाठोडे बांधून तयार होते.

"बोला," ती म्हणाली. "काय बोलायचं आहे ते एकदा बोलून टाका."

त्याने गाठोड्याकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहिले. ती रडलेली होती, आणि ते लपवण्यासाठी तिने तोंड धुतले होते.

"तू जेवलीस का?" त्याने विचारले.

तिने चमकून वर पाहिले. "नाही," ती म्हणाली. "भूकच नव्हती."

"मलाही नव्हती. आता लागली आहे."

ती उठली. भात टाकायला आत जाता जाता तिने गाठोडेही उचलून आत नेले.