चूक कोणाची?

कोंढवलीच्या मुलींच्या कॉलेजचे संचालक धुंडिराज अग्निहोत्री म्हणजे मोठं प्रस्थ. नव्या संगणकावर त्यांनी सगळ्या प्राध्यापकांसमोर स्वतःच्या हाताने ब्राउझर टाकला आणि उघडायला गेले, तर तो उघडेचना. त्यांनी पुन्हा क्लिक केलं, मग चिडून करतच राहिले. स्क्रीन ढिम्म!

संचालक संगणक शिकवणाऱ्या शाल्मलीबाईंवर उखडले. “हे संगणक तुम्ही निवडलेत. आता सांगा, चूक याची की माझी?”

चूक संगणकाची म्हणावी, तर सगळे संगणक परत जाणार आणि सोमवारची मुलींची ऑनलाइन परीक्षा बोंबलणार. संचालकांची म्हणावी, तर बाईंची नोकरी जाणार!

शाल्मलीबाईंनी संगणकात काय काय चालू आहे ते पाहिलं. तोच ब्राउझर आत कितीतरी वेळा अर्धवट सुरू होऊन अडकला होता. बाईंनी ते सगळं बंद केलं, एकदाच क्लिक केलं आणि हात बाजूला घेतला. क्षणभराने ब्राउझर झोकात उघडला.

“चूक कोणाचीच नाही, सर,” बाई म्हणाल्या. “तुमची पहिली आज्ञा ऐकून तो कामाला लागलाच होता. तेवढ्यात दुसरी आली, तिसरी आली, बिचारा गोंधळला. आम्हाला सवय आहे. तो नवीन आहे.”

संचालकांनी चष्मा काढला, पुसला आणि एकदम खो खो हसत सुटले.

“घ्या परीक्षा! ती संपेपर्यंत मी कोणाला एकही आज्ञा करणार नाही.”

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.