शेवटच्या ओळीच्या अलीकडे

“मग चूक कुणाची, महाराज? माझी एकही चाल चुकली नाही, आणि तरी आपण हरलो.”

धुंडिराजने पुन्हा तेच विचारलं.

रेवणगिरी महाराज अंगणात वाकून चुन्याच्या रेघा चाचपत होते. दिवसभराच्या झटापटीत बऱ्याच पुसल्या होत्या. नदीवरून धुकं चढून मठात शिरलं होतं, आणि त्यात पटाची पांढरी घरं जमिनीपासून सुटून तरंगत असल्यासारखी दिसत होती.

“डाव माझा होता,” धुंडिराज म्हणाला. “हात माझ्या माणसांचे कमी पडले.”

महाराज पुढची रेघ चाचपू लागले.

त्या मठातलं बुद्धिबळ निराळं. अंगणभर घरं आखायची आणि मोहऱ्यांच्या जागी माणसं उभी करायची. कुणी हत्ती, कुणी उंट, बाकीची प्यादी. दोन्ही बाजूंचा एकेक जण आपापल्या चौथऱ्यावर बसून चाली सांगणार. पण शत्रूच्या घरात पाऊल टाकलं म्हणजे तो मेला, असं इथे चालत नसे. त्या घरात दोघांनी फरी-गदका घेऊन भिडायचं. एका हातात कातड्याची ढाल, दुसऱ्या हातात कातडं गुंडाळलेली काठी. ज्याच्या खांद्याला काठी लागेल, त्याने तिथेच रेघेवर बसायचं आणि दिवे लागेपर्यंत उठायचं नाही.

आणखी एक रीत होती. एखादं प्यादं पलीकडच्या शेवटच्या ओळीत पोचलं, की ते वजीर होत नसे. ते चौथऱ्यावर चढे आणि पुढच्या चाली सांगे. इतका वेळ वर बसलेला माणूस खाली उतरून प्यादं होई.

महाराजांची नजर अधू होत चालली होती. आजचा डाव मठाच्या उत्सवातला होता, आणि तो उत्सव संपला की पट आणि तालीम ते एका शिष्याच्या हाती देणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. धुंडिराज हुशार होता, आणि ही गोष्ट सगळ्यात आधी त्याच्या स्वतःच्याच लक्षात आली होती. मनातल्या मनात तो त्या जागेवर बसून, दोन-चार जणांना दटावूनही मोकळा झाला होता.

आणि आज तो हरला होता. तेही गणोजीकडून, ज्याला उंटाची चाल सांगताना अजून बोटाने हवेत रेघ ओढावी लागते.

“गणोजीचं एक प्यादं पोचलं ना रे?” महाराजांनी विचारलं.

“पोचलं. गणोजी खाली उतरला. पहिल्याच फटक्याला बसला, आणि बसल्या बसल्या हसत होता.” धुंडिराजला ते हसणं अजून खुपत होतं.

“आणि तुझा रायाजी?”

आजच्या डावात रायाजी धुंडिराजचं प्यादं होता.

रायाजी त्याच्याच गावचा. दोघं एकाच शिदोरीतलं खात डोंगर चढून मठात आले होते.

“असेल बसलेला कुठेतरी,” तो शेवटी म्हणाला.

“जाऊन बघ.”

धुंडिराज धुक्यात शिरला. वरून तळहाताएवढा दिसणारा पट खाली संपता संपेना. कुठलं घर आपलं, कुठलं परक्याचं, काही उमगेना. बसलेली माणसं मधूनच उगवत आणि मागे विरून जात. एकजण गुडघ्यात मान घालून झोपला होता. दुसरा हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होता. आपण जागे आहोत की नाही, असं धुंडिराजला क्षणभर वाटलं.

रायाजी शेवटच्या ओळीच्या एक घर अलीकडे बसला होता. मनगट सुजलं होतं, त्यावर ओलं फडकं गुंडाळलेलं होतं.

“आलास व्हय धुंडा?” मान वर करून तो म्हणाला. “बरं झालं. उद्या गावाकडं निघतोय.”

“हात बरा होईल की.”

“हाताचं न्हाई रं.”

मठ रायाजीशिवाय असू शकतो, हा विचार धुंडिराजच्या डोक्यात कधी आलाच नव्हता.

मागून महाराजांची पावलं वाजली. ते येऊन रेघेपाशी उभे राहिले.

“याच्या पुढ्यातलं घर रिकामं होतं?”

“होतं,” धुंडिराज म्हणाला.

“किती वेळ?”

“...दुपारभर.”

त्या दुपारी रायाजी उभा होता त्या घरात आधी गणोजीचा घोडा चालून आला होता, मग उंट, मग हत्ती. पहिल्या दोघांना रायाजीने बसवलं होतं. हत्तीने त्याला बसवलं.

“एक पाऊल तर होतं,” धुंडिराज रायाजीला म्हणाला. “तू आपणहून का नाही टाकलंस?”

“तू चाल सांगितली न्हाईस.”

रायाजी हे तक्रारीच्या सुरात बोलला नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

धुंडिराजने वळून पाहिलं. त्याचा चौथरा धुक्यात बुडाला होता. इथून तो दिसतच नव्हता. इथवर फक्त हाक ऐकू आली असती, आणि ती हाक येईल म्हणून हा माणूस दुपारभर कान देऊन उभा होता.

“मला दिसत होतं,” धुंडिराज म्हणाला. “तुझं घर मला सगळ्यात स्पष्ट दिसत होतं. पण तू पोचला असतास तर मला उतरावं लागलं असतं... म्हणून मी दुसऱ्याच चाली सांगत राहिलो.”

पलीकडचं गुणगुणणं थांबलं होतं. धुंडिराजला लाज वाटली, आणि ती लाज इतकी खरी होती की त्याला एकदम हलकं वाटलं. अन् हलकं वाटताच त्याचं डोकं पूर्ववत चालू लागलं.

“महाराज, माझं ठरलं,” तो म्हणाला. “मला पट नको. रायाजीला द्या. मी त्याला माझ्या हाताने चौथऱ्यावर बसवतो. त्याला कुठे अडलं तर मी आहेच.”

रायाजी बसल्या जागेवरून मान वर करून त्याच्याकडे बघत राहिला.

महाराजांनी हातावरचा चुना धोतराला पुसला.

“आधी तू खाली ये, धुंडिराज.”

धुंडिराजने पायाकडे पाहिलं. दव पडलेली माती होती, तिच्यावर चुना.

“मी खालीच आहे, महाराज.”

“मग तुझ्याकडे बघताना रायाजीची मान अजून का दुखतेय?”