मोराने वाढवलेला नारळ

एका राज्यात सगळ्यांची पोटं नदीकाठच्या बाजारावर चालत आणि सगळ्यांची नाकं त्याच बाजाराला मुरडत. तिथे मुंगळे पोती वाहत, म्हशी दुधाचा रतीब घालत, आणि पत्र्याच्या शेडखाली सगुणाबाई घूस चिंच विकत असे. गाळा हेच तिचं दुकान, हेच तिचं बीळ. दुसरं काही तिच्यापाशी नव्हतं.

एके सकाळी हत्तीराजा बाजारात आला. सोबत दरबाराचा नगररचनाकार मोर, नकाशा घेऊन. मोराने पिसारा फुलवून जाहीर केलं, "महाराजांच्या कृपेने आम्ही हा बाजार वाढवणार!"

बाजारावर सुतकी कळा पसरली. तिथे 'बंद' हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे, अशुभच तो. संध्याकाळी फळ्या लावल्या की दुकान 'वाढवलं' म्हणायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. एका म्हाताऱ्या मुंगळ्याने तर पोतं टाकून गळाच काढला.

 सगुणाबाईने नकाशात डोकं खुपसलं.

"माझा गाळा कुठाय हो यात?"

"तिथे कारंजं."

"आणि म्हशींचा गोठा?"

"तिथे बाकं. कारंजं बघायला."

"मग आम्ही बरोबरच ऐकलं की! वाढवलाच म्हणायचा बाजार."

मोर भडकला. "अडाणी कुठले! वाढवणे म्हणजे मोठे करणे. दुसरा अर्थच नाही!"

सगुणाबाईने हात जोडले. "चुकलं आमचं. मग मुहूर्ताचा नारळ आधी वाढवा. तुमच्या अर्थानं."

हत्तीराजाला भारी गंमत वाटली. "रास्त आहे," तो म्हणाला. "आधी नारळ, मग बाजार."

मोराची अवस्था इकडे आड, तिकडे विहीर. नारळ फोडावा तर राजासमोर बोललेला शब्द गिळावा लागणार. तो मुकाट नारळ घेऊन राजवाड्यात गेला आणि त्याने समिती नेमली. इकडे पोती हलत राहिली, दूध उकळत राहिलं. सगुणाबाई मात्र चिंचेकडे कमी आणि राजवाड्याच्या वाटेकडे जास्त बघे. मेल्याला जमलं तर?

आणि जमलं की! एक दिवस राजवाड्यापुढे घराएवढा नारळ उभा राहिला. सोनेरी शेंडी, काचेच्या खिडक्या, आत दिव्यांची रोषणाई. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सगुणाबाई मनातल्या मनात गाळा आवरू लागली.

"वा, वा!" राजाने सोंड पुढे केली. "आता जरा खोबरं दे."

मोर घुटमळला. "महाराज, खोबऱ्याला वास येत होता. ते काढून टाकलं."

राजाने सोंड मागे घेतली. तो तडक बाजाराकडे चालू लागला आणि पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला. सगुणाबाई धापा टाकत मागोमाग आली. तिने एक साधा नारळ दगडावर वाढवला. पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं, हसू फुटलं.

"उद्या पुन्हा येईन," राजा खोबरं चावत म्हणाला. "उघडं असेल ना?"

"असणारच की, महाराज!" सगुणाबाईचे डोळे भरून आले.

मग खोबऱ्यासाठी रांग लागली आणि ती एकेकाच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवत गेली. रांगेच्या अगदी शेवटी, पिसारा मिटून, मोर उभा होता.