तीन घटांतला राजपुत्र

एका राज्यात, जिथे साळुंक्या दरबारी भाषा बोलत, राजपुत्र सुकेतूचे लग्न झाले. आमंत्रण आले नाही म्हणून मांत्रिक कर्दमनाथ चौथ्या दिवशी आला आणि त्याने नवरदेवाला तीन स्फटिकघटांतल्या पाण्यात मिसळून टाकले. गढुळात देह, पांढऱ्यात वाणी, नितळात प्राण.

"तिसऱ्या सूर्यास्ताआधी वेगळा काढा. नाहीतर असाच राहील," म्हणाला आणि गेला.

नवी नवरी अंबुजा पहिल्या घटापाशी बसली. प्रधान रवी घेऊन आला, तिने हात आडवा केला.

"ढवळू नये, प्रधानजी."

"नुसतं बसून राहायला शिकवलं का सूनबाई, माहेरी?" सासूने, राणी यशोमतीने विचारले.

"होय, आईसाहेब. तेवढं एक नीट शिकले."

सांजेला गाळ तळाशी बसला. सोनेरी वाळू होती.

दुसऱ्या घटातले पांढरे तळाशी बसेना. फडक्यातूनही जसेच्या तसे उतरले. दरबारातल्या एका साळुंकीने चोचीने झरोका उघडला. कवडसा घटातून गेला आणि त्याची वाट आत उजळली.

"कण आहेत," साळुंकी म्हणाली, "पण फार बारीक."

अंबुजेने लिंबू पिळले. पांढरे फाटले, गोळा झाला. गोळ्यातून सुकेतू म्हणाला, "आंबट आहे."

तिसऱ्यात कवडशाची वाटही दिसेना. प्रधानाने ते पाणी सात वेळा स्वतःच्या उपरण्यातून गाळले आणि निवाडा दिला, "साधे पाणी."

उरलेले स्वच्छ पाणी तुळशीला घालायचे, ही घराची रीत. राणीने घट उचलला. अंबुजेची नजर दांडीवर वाळलेल्या उपरण्यावर गेली. ते कडक झाले होते, काठाला पांढरी नक्षी उमटली होती.

"आईसाहेब, थांबावं. ते यातच आहेत. थेंबाथेंबात, सारखेच."

तिने उपरणे त्याच पाण्यात खळबळून पिळले. पाणी बारा परातींत पसरून उन्हात ठेवले. वारा सुटला, तेव्हा राणी स्वतः पदराचा आडोसा धरून दिवसभर उभी राहिली.

सूर्य टेकला आणि परातींत मीठ चमकले. वाळू, गोळा, मीठ एकत्र येताच सुकेतू उठून बसला. कर्दमनाथाची विद्या तिथेच आटली. नगारखाना पुन्हा वाजू लागला.

अंबुजेने साळुंकीला हात जोडले, प्रधानालाही, उपरण्याबद्दल. मग रापलेल्या सासूच्या पायांवर डोके ठेवले.

"आपण उभ्या राहिलात, म्हणून हे उठले."

"उठा, सूनबाई. त्याला तहान लागली असेल. पाणी तुम्हीच द्या. आमच्या हातचं आता त्याला भरवशाचं वाटायचं नाही."