मेलेल्या वडिलांनी सांभाळून घेतलं

हे कुणालाही सांगायचं नाही, असं मृदुलाताईने मला बजावलं आहे. पण मी विंगेत उभी होते आणि सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं. आता पोटात राहत नाही.

एका विद्यापीठाच्या नाट्य विभागात निवृत्ती नावाचा एक भोळा नट होता. माझी ताई तिथेच शेवटच्या वर्षाला. परीक्षेसाठी तिने एका जपानी कुटुंबाचं नाटक बसवायला घेतलं. ते पडलं की तिचं वर्ष गेलं. निवृत्तीला तिने म्हाताऱ्या वडिलांचं काम दिलं, कारण गुडघे दुमडून कितीही वेळ बसलं तरी त्याच्या पायाला मुंग्या येत नसत.

पहिल्या तालमीला तो चपला घालूनच घरात शिरला.

ताई म्हणाली, “जपानी माणूस आहेस ना तू? चपला दाराबाहेर काढायच्या, मग आत यायचं.”

“बरं ताई.”

पुढच्या तालमीला वडील आगगाडीने शहरात निघाले. निवृत्तीने फलाटावर चपला काढल्या आणि अनवाणी डब्यात चढला.

“अरे, ही गाडी आहे! समोर काय आहे ते आधी नीट बघावं, मग करावं.”

“बरं ताई.”

नंतरच्या प्रवेशात सुनेने चहा दिला. निवृत्तीने कपात नीट बघितलं. म्हणाला, “सूनबाई, यात काहीच नाही.”

“नाटकात रिकामा कपसुद्धा भरलेला असतो! काही कमी दिसलं तरी तोंड उघडायचं नाही.”

“बरं ताई.”

मग एकदा मुलाचं काम करणारा सुजय वाक्य विसरला. निवृत्तीला ते पाठ होतं. तो तोंड घट्ट मिटून बसून राहिला.

“अरे, समोरचा अडला तर गप्प काय बसतोस? त्याचं वाक्य आपण घ्यायचं. सांभाळून घ्यायचं!”

“बरं ताई.”

प्रयोगाचा दिवस आला. परीक्षक सर पहिल्या रांगेत. शेवटच्या प्रवेशात वडील वारलेले असतात. भांडून गेलेला मुलगा परत येतो, त्यांच्या उशाशी बसतो आणि बराच वेळ काहीच बोलत नाही. ताईचं सगळं नाटक त्या शांततेवर उभं होतं. कुणीतरी हुंदका दिला. सरांचं पेन थांबलं.

मेलेल्या वडिलांनी एक डोळा उघडला. सुजय अडला, असं निवृत्तीला वाटलं.

“बाबा, मी आलो,” तो पडल्या पडल्या मोठ्याने म्हणाला.

सुजय गारच पडला. त्याच्याकडून काहीच येईना, तेव्हा निवृत्तीने पुढचंही घेतलं.

“आलास? बस. जेवलास का?”

लोक असे हसले की पडदा पाडावा लागला.

सर आत आले. “हे मूळ नाटकात आहे?”

ताईला शब्द फुटेना. निवृत्ती लगेच पुढे झाला. “नाही सर. हा निवृत्ती ठार वेडा आहे. याला घेतलं तिथेच माझं चुकलं.”

सर एका खोक्यावर बसून पोट धरून हसले. मग म्हणाले, “पास. का, ते मात्र विचारू नका.”

ताई गप्प. निवृत्तीने तिच्याकडे पाहिलं, घसा साफ केला आणि तोंड उघडलं, तेव्हा मी धावत जाऊन दोन्ही हातांनी त्याचं…

“शलाका! अगं, दूध उतू गेलं!”

आले, आई.